चौकशीची खिडकी

माझी आत्या घरात फारसं बोलायची नाही. दिवसाचे आठ तास फोनवर बोलण्यात जायचे, त्यामुळे संध्याकाळी घरी आली की ती तोंडाला कुलूप लावून बसायची. बाबा म्हणायचे, "अक्का, आम्हालाही तुझा तो हेल्पलाइनचा नंबर दे. फोन करून बोलत जाऊ." ती नुसती हसायची, आणि तेच उत्तर समजून आम्ही जेवायला बसायचो.

आत्या बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पुढे तिथे यंत्रं आली आणि तिच्या खोलीतल्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी निरोप मिळाला. दोन वर्षं तिने मिळेल ते काम केलं. मग तिला वर्तमानपत्रात तीन ओळींची जाहिरात दिसली: फोनवर न चिडता बोलू शकेल अशी व्यक्ती पाहिजे. आत्या म्हणाली, "मला दुसरं येतंय काय?" आणि गेली.

ती कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आत्या धरून पाच माणसं. मालक पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. ऐन चाळिशीत त्यांची नजर गेली. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पडद्यावर काय लिहिलंय, कुठलं बटण आहे, आपण कुठल्या ओळीवर आहोत, हे सगळं बोलून सांगणारा प्रोग्राम त्यांनी आधी स्वतःसाठी लिहिला, आणि मग लोक मागायला लागले म्हणून कंपनी काढली. ऑफिसात त्या प्रोग्रामला 'वाचक' म्हणत. जिना दाखवताना मास्तर नव्या माणसाला सांगायचे, "खाली डोळे सुधारून मिळतात, वर डोळ्यांवाचून भागवून मिळतं. कुठे जायचं ते ठरवा."

आत्याला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या पडद्यावर एक जाड टॉवेल टाकला. "गिऱ्हाइकाला दिसत नाही, तर मला दिसून काय उपयोग?" सहा महिने ती टॉवेल न काढता शिकली. पुढे सोळा वर्षं तो तिथेच होता, फक्त धुवायला घरी यायचा.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी तिच्या ऑफिसात जाऊन बसायची. तिचं एका बाजूचं बोलणं मला पाठ झालं होतं.

"टॅब दाबा. काय म्हणाला?... 'बटण' म्हणाला? कसलं बटण?... सांगत नाही? लबाड आहे. पुन्हा दाबा... रडू नका हो, परीक्षेला अजून तासभर आहे, तोवर आपण त्याला बोलता करू."

फोन करणारे सगळे तिला ताई म्हणत. कॉलेजातल्या मुली, एक बँकेतला कारकून, एक वकील, सुनेच्या लपून कॉम्प्युटर शिकणाऱ्या एक आजी. आत्या प्रत्येक फोन वहीत लिहायची: वेळ, अडचण, उपाय. एक्स्चेंजची सवय. आवाजावरून ती माणूस ओळखायची, आणि माणसाला सर्दी झाली आहे की रडू आलं आहे हेही.

एकच माणूस तिला ताई म्हणत नसे. तो भाषांतर करायचा. औषधांच्या पुड्यांमधली पत्रकं, यंत्रांबरोबरची माहितीपुस्तकं, आणि स्वतःच्या आनंदासाठी परक्या भाषांतल्या कविता. आवाज खर्जातला, बोलणं तिरकं. पहिल्याच फोनला त्याने विचारलं, "तुम्हाला सगळे ताई म्हणतात?"

"म्हणतात."

"मग मी मॅडम म्हणतो. भाऊ खूप झाले असतील तुम्हाला."

दर गुरुवारी अकराच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. आधी खऱ्या अडचणी असायच्या. पुढे अडचण सुटलेली असायची आणि तरी फोन यायचा. "दोन शब्द आहेत मॅडम. 'ओढ' आणि 'आस'. बाई खिडकीत बसून वाट बघते आहे. कुठला घालू?"

आत्याने विचारलं, "कोण येणार आहे ते तिला माहीत आहे का?"

"माहीत आहे."

"मग ओढ. आस लागते ती नुसतीच लागते."

वहीत त्या दिवशी तिने लिहिलं होतं: ११.०५, शब्द अडला होता, सुटला. मी ते नंतर कधीतरी वाचलं.

आता ज्या कंपनीची सिस्टिम घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये होती, त्या कंपनीची गोष्ट. नाव सांगण्यात अर्थ नाही. आमच्या घरात तिला 'ती कंपनी' असंच म्हणत, जसं भांडलेल्या नातेवाइकाला म्हणतात. मास्तरांचा वाचक चालायचा तो तिच्या सिस्टिमच्या जिवावर. त्याला पडद्यावरचं थोडंच दिसायचं? तो सिस्टिमला विचारायचा, बाई गं, आता इथे काय आहे? सिस्टिम सांगायची, इथे एक चौकट आहे आणि तिच्यात अमुक लिहिलंय. हे विचारायची एक ठरलेली जागा होती. मास्तर तिला चौकशीची खिडकी म्हणत.

एका वर्षी त्या कंपनीने मास्तरांना बोलावून घेतलं आणि वाचक विकत मागितला. मास्तर नाही म्हणाले. "माझी हेल्पलाइन ठेवणार का, विचारलं," ते परत आल्यावर आत्याला म्हणाले. "त्यांनी मला कॉफी दिली."

पुढच्याच वर्षी त्या कंपनीने आपला स्वतःचा वाचणारा प्रोग्राम सिस्टिमबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. ऑफिसात त्याचं नाव पडलं 'फुकट्या'. चौघंजण चिडले, पण मास्तर संध्याकाळी म्हणाले, "ज्याला आमचा घेणं परवडत नव्हतं, त्या पोराला आज घरबसल्या मिळाला. यावर मी रडू कसा?" आणि त्यांनी आत्याला सांगितलं, की कुणी फुकट्याबद्दल विचारलं तर नीट शिकवायचं. आत्याने शिकवलं. काही गिऱ्हाइकं गेली. पण पुष्कळ राहिली, कारण फुकट्या भराभर वाचायचा खरा, पण फॉर्म भरताना गोंधळायचा, तक्ता आला की सगळे आकडे एका दमात ओकायचा, आणि अडलं तर पलीकडे कुणी नसायचं.

हे असं दोन वर्षं चाललं. आणि मग एका सोमवारी सकाळी आत्याने कुलूप उघडलं तेव्हा फोन आधीच वाजत होता.

"ताई, बोलत नाही हो."

दुसरा फोन, तिसरा, दहावा. सगळ्यांचं एकच. रात्रीतून सिस्टिमची नवी आवृत्ती आपोआप आली होती आणि वाचक मुका झाला होता. चौकशीची खिडकी बंद. दुपारपर्यंत मास्तरांना कळलं, की खिडकी बुजवलेली नाही, हलवलेली आहे. फुकट्या नव्या जागी जाऊन सगळं विचारत होता आणि त्याला उत्तरं मिळत होती. ती जागा कुठे आहे, हे बाहेरच्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आत्याने त्या दिवशी एकशे बेचाळीस फोन घेतले. प्रत्येकाला सांगितलं, "तुमचं काही चुकलेलं नाही. आमचा आवाज गेलाय." हे सांगणं गरजेचं होतं, कारण ज्याला दिसत नाही त्याला आधी वाटतं की आपलाच हात चुकीच्या बटणावर पडला.

मास्तरांनी पत्रं लिहिली. उत्तर आलं, की सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. मग त्यांनी अंदाजाने चाचपडत नवी खिडकी शोधून काढली, वाचक पुन्हा बोलू लागला. सहा आठवड्यांनी खिडकी पुन्हा हलली. त्यांनी पुन्हा शोधली. तिसऱ्यांदा हलली तेव्हा मास्तर दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "मला आंधळी कोशिंबीर लहानपणीही आवडत नव्हती."

गुरुवारी अकराला फोन आला.

"मॅडम, मी फितूर झालो," भाषांतरवाला म्हणाला. "तुमचा वाचक महिनाभर गप्प आहे आणि माझी पत्रकं थांबून राहिलीत. काल मी फुकट्या सुरू केला."

"बरं केलंत. काम थांबवू नका."

"तो कविता वाचतो तेव्हा औषधाचं पत्रक वाचल्यासारखी वाचतो."

"त्याचा वेग कमी करा. कंट्रोल धरून खालचा बाण," आत्या म्हणाली. आणि तिने त्याला सगळं बसवून दिलं. काम झालं. फोन ठेवायला कुणीतरी कारण काढायला हवं होतं. शेवटी दुसऱ्या लाइनवर घंटा वाजली.

आठ महिन्यांत ऑफिस बंद झालं. मास्तरांनी आत्याला तिच्या वह्या घरी न्यायला सांगितल्या. "गिऱ्हाइकांचे नंबर मात्र त्यात नकोत. लोकांनी ते आपल्याला अडचणीसाठी दिले होते." वह्यांत नंबर नव्हतेच. पण टेलिफोन ऑपरेटरच्या डोक्यातून नंबर कोण काढून घेणार?

आत्याला एका दातांच्या दवाखान्यात वेळ ठरवून देण्याची नोकरी लागली. लोक तिथे ताई म्हणत नव्हते, कारण दाढ दुखत असताना कुणाला नाती सुचत नाहीत. ती साडेसहाला घरी यायची आणि, आमच्या लक्षात आलं, बोलायची. भाजीपासून बातम्यांपर्यंत सगळ्यावर. बाबांना आनंद झाला. मला तो आवाज आवडला नाही. दिवसभर न वापरलेलं काहीतरी ती आमच्यावर खर्च करून टाकते आहे, असं वाटायचं.

गुरुवारी मात्र ती गप्प असायची. एकदा मी तिला फोनजवळ उभी असलेली पाहिलं. हात रिसीव्हरवर, डोळे मिटलेले. ती आकडे मनात म्हणत होती. ओठ हलत होते.

"कुणाचा नंबर, आत्या?"

तिने सांगितलं. सरळ सांगितलं, लपवलं नाही.

"मग कर ना फोन!"

"काय म्हणून करू? कंपनी होती तोवर मी कुणीतरी होते. आता कोण बोलतंय म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"नाव सांग."

"नाव त्यांनी कधी विचारलंच नाही गं," ती म्हणाली.

अशी सहा वर्षं गेली. मधेच मास्तर वारले. आत्या जाऊन आली आणि आल्यावर तिने तो जुना टॉवेल कपाटातून काढला, घडी बदलली आणि परत ठेवला.

मग एका दुपारी स्पर्धा आयोगाची वकीलबाई आमच्या घरी आली. तरुण, पाठीवर जड बॅग. बाजारात एखाद्या बड्या कंपनीने आपल्या ताकदीचा गैरवापर केला, तर त्याची चौकशी करणारं हे सरकारी आयोग. त्या कंपनीविरुद्ध अशा सात-आठ तक्रारी आल्या होत्या. एक पत्र मरण्याआधी मास्तरांनीही पाठवलेलं होतं. "कंपनी म्हणते, तुमचा वाचक फुकटच्या स्पर्धेत आपोआप संपत आला होता," वकीलबाई म्हणाली. "तसं नव्हतं, हे दाखवायला आमच्याकडे काही नाही."

आत्या उठली, पलंगाखालून सूटकेस ओढली आणि सोळा वर्षांच्या वह्या जमिनीवर मांडल्या. वकीलबाई चटईवर बसली आणि दिवेलागणीपर्यंत वाचत राहिली. त्या सोमवारच्या आदल्या शुक्रवारपर्यंत लोक हौसेने नव्या गोष्टी शिकत होते. सोमवारपासून पानांमागून पानं एकच वाक्य: बोलत नाही.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. मला वाटलं होतं लाकडी पिंजरा वगैरे असेल. साधा लांबट हॉल होता, पाण्याच्या बाटल्या, माइक, आणि त्या कंपनीच्या बाजूला अकरा वकील. मी मोजले. त्यांतला बोलणारा अतिशय अदबशीर होता.

"आपण प्रोग्राम लिहीत नव्हता?"

"नाही. मी फोन घ्यायची."

"अंध व्यक्तींना हे साधन विनामूल्य मिळालं. ही वाईट गोष्ट झाली, असं आपलं म्हणणं आहे?"

"नाही. चांगलीच झाली. तुमचा प्रोग्राम कसा सुरू करायचा ते मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलंय."

आमच्या वकीलबाईने कपाळाला हात लावला. अदबशीर वकील हसला. "मग तक्रार कशाची?"

आत्याने माइक जरा दूर सारला. तिला तो कधीच लागला नाही. "फुकट दिलंत त्याची नाही. लोक आमच्याकडून उठून तुमच्याकडे आले असते, तर मी हात हलवून निरोप दिला असता. पण ते आमच्याकडे बसलेले असताना तुम्ही आमचा गळा दाबलात. स्वतःहून जाणं वेगळं आणि घालवून देणं वेगळं. तुमचा प्रोग्राम ज्या खिडकीवर जाऊन विचारत होता, ती आम्हाला दाखवली असती तर काय बिघडलं असतं?"

"ग्राहकांची गैरसोय झाली नाही. कंपनीची हेल्पलाइन आहे."

"आहे ना. मी करून पाहिला फोन. यंत्राने सांगितलं, कृपया पडद्यावर दिसणाऱ्या सूचना वाचा."

हॉलमध्ये हशा झाला. अकरांतले दोन वकीलही हसले आणि लगेच कागद चाळू लागले. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून आत्याकडे पाहिलं. "आपल्याला काय मिळावं असं वाटतं?"

आत्याने समोरची वही मिटून बाजूला ठेवली.

"मला हवंय ते तुमच्या हातात नाही हो," ती म्हणाली. "खिडकी तेवढी उघडा."

निकाल चौदा महिन्यांनी लागला. फुकट देणं हा गुन्हा नाही, असं आयोगाने म्हटलं. खिडकी लपवणं हा आहे. कंपनीला दंड झाला आणि तिचा स्वतःचा प्रोग्राम सिस्टिमला जे जे विचारतो, ते सगळं लेखी, सर्वांसाठी जाहीर करण्याचा आदेश निघाला. कंपनी अपिलात गेली. दंड कमी झाला, आदेश राहिला. सव्वादोनशे पानांत आत्यावर दोन ओळी होत्या. बाबांनी त्या मोठ्याने वाचल्या. आत्याने विचारलं, "मास्तरांचं नाव आहे का?" होतं. तळटीपेत.

रविवारी ती मला घेऊन त्या जुन्या जागी गेली. चष्म्याच्या दुकानदाराने वरच्या खोल्यांत आता फ्रेमची खोकी भरली होती. त्याने आत्याला ओळखलं आणि किल्ली दिली. ती खोक्यांतून वाट काढत आपल्या जागेपाशी गेली. टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. भिंतीतून फोनची वायर बाहेर आलेली होती, टोकाला कापलेली. ती तिथे उभी राहिली, पाठमोरी, आणि मी जिन्यात जाऊन थांबले. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता कोण बोलतंय म्हणून विचारलं, तर सांगता येईल. साक्षीदार बोलतेय."

त्या गुरुवारी अकराला तिने नंबर फिरवला. मी रजा काढून घरीच होते. दोनदा घंटा वाजली.

"हॅलो," ती म्हणाली. तेवढंच.

 पलीकडचं मला दुरूनही ऐकू आलं, खर्जातलं: "मॅडम, तुमचा नंबर बंद आहे. मी पुष्कळदा करून पाहिला."

दीड तास बोलले. त्याचं भाषांतराचं काम जवळजवळ संपलं होतं. त्याच कंपनीने आता भाषांतरही फुकट करून द्यायला सुरुवात केली होती. "माझी पाळी तुमच्यामागून आली," तो म्हणाला. "कविता मात्र अजून त्या यंत्राला झेपत नाही. म्हणून तेवढ्याच करतो. त्या कुणी मागत नाही, ही एक बरी गोष्ट आहे."

तो राहायचा बसने अडीच तासांवर. सोळा वर्षं आणि वर ही आठ, त्यांच्यामध्ये एवढंच अंतर होतं. पुढच्या महिन्यात आत्या भेटायला गेली. मी तिला त्याच्या दारापर्यंत सोडलं आणि चारला न्यायला येते म्हणाले.

चारला मी गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत आत्या एका सरळ पाठीच्या खुर्चीवर बसलेली, कानाला मोबाइल. आतल्या खोलीचं दार बंद. ती हलकेच हसत होती. मला तिने हाताने थांब म्हटलं.

"नाही, ती बाई खिडकीतच बसू दे," ती फोनवर सांगत होती. "दारात नको. दारात आली की कविता संपली."

दाराच्या पलीकडून त्याचं हसणं आलं, आणि क्षणभराने तेच हसणं तिच्या फोनमधूनही आलं.

बसमध्ये तिने मला सांगितलं. समोरासमोर बसल्यावर दोघांनाही बोलायला सुचेना. तो आवाजाच्या दिशेला तोंड करून बसला होता, ती त्याच्या हातांकडे बघत होती, आणि चहा गार होत होता. अर्ध्या तासाने तोच म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, मी आत जाऊन फोन करू का?"

"मग कसं वाटलं तुला?" मी विचारलं.

तिने खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं. "फोनवर तो अगदी माझ्या कानाशी असतो गं," ती म्हणाली. "खोलीत फार लांब बसला होता."